पाटावरचा चार्जर

माझ्या सासूबाई वस्तूंशी बोलतात. मिक्सर कुरकुरला तर त्याला "थकलास का रे?" म्हणून विचारतात आणि फ्रीजचं दार नीट लागलं नाही तर त्याच्यावर रागावतात. सासऱ्यांना, म्हणजे सुभाषरावांना, हे अजिबात खपत नाही. त्यांची सगळी नोकरी रिफायनरीच्या मेंटेनन्समध्ये गेली. यंत्राशी बोलायचं नसतं, यंत्र तपासायचं असतं, हे त्यांचं मत. लोकांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला टेस्टर असतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण तो खिशातून उतरलेला नाही. अशा या दोघांच्या मधोमध, बडोद्याच्या मांजलपूर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी लग्न करून सांगलीहून येऊन पडले.

सासूबाईंचं नाव मंदाकिनी, पण सोसायटीत त्या मंदाबेन. जन्म बडोद्याचा, माहेर रावपुऱ्यातलं, सासर बडोद्यातलंच. घरात मराठी अगदी स्वच्छ बोलतात, फक्त मधूनच असा एखादा गुजराती शब्द टाकतात की माझी आई सांगलीत गोंधळून जाते. पहिल्या वर्षी त्या फोनवर आईला म्हणाल्या, "चाला तर, आता मूकते फोन, शाक चुलीवर आहे." आईने मला रात्री विचारलं, "अगं, रागावल्या होत्या का त्या?" रागावल्या नव्हत्या, मूकते म्हणजे ठेवते आणि शाक म्हणजे भाजी. त्या रागावल्या की एक शब्द बोलत नाहीत, नुसती भांडी घासतात.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सांगलीत मी शाळेत गणित शिकवत होते. लग्नानंतर बडोद्यात दोन-चार शाळांत जाऊन आले. कुठे गुजराती माध्यम, कुठे इंग्रजी. माझं गुजराती तेव्हा भाजीवाल्यापुरतं होतं आणि इंग्रजी ऐकून समोरची बाई गोड हसायची. मग सासूसासऱ्यांची दुखणीखुपणी, पाहुणे, सण, यात वर्षं कशी गेली ते कळलं नाही. मी निहारची बायको होते, मंदाबेनची वहू होते, तिसऱ्या मजल्यावरची मराठी भाभी होते. यशश्री म्हणून मला हाक मारणारं माहेर सोडून कोणी उरलं नव्हतं. लोक चांगले होते, घर चांगलं होतं, तक्रार करायला जागा नव्हती, आणि त्यामुळे माझी चिडचिड जास्तच व्हायची.

अशात पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. मराठी माध्यमाच्या मुलांना घरबसल्या, लॅपटॉपवरून गणित शिकवायचं. मी अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत झाली. शेवटचं एकच राहिलं होतं, त्यांच्या माणसांसमोर एक चाचणी-वर्ग घ्यायचा. त्याची तारीख आली ती नेमकी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवसाची. मी तारीख बदलून मागितली. त्यांनी दिली, पण फार मऊ आवाजात सांगितलं की यानंतर पुन्हा बदलता येणार नाही. नवी तारीख होती दसऱ्यानंतरच्या सोमवारची. तो सोमवार गेला असता तर मी पुन्हा अर्ज केला नसता. मला माझा स्वभाव माहीत आहे. मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले असते आणि आयुष्यभर कुरकुरत राहिले असते.

लॅपटॉप निहारचा जुना. त्याची बॅटरी कधीच राम म्हणून गेलेली. वायर लावलेली असेपर्यंत तो जिवंत, वायर निघाली की खेळ खलास. निहार स्वतः तेव्हा दहेजला होता. त्याच्या प्लँटचं वार्षिक दुरुस्तीचं काम चालू होतं, त्यामुळे सणालाही घरी नव्हता, नुसता फोनवर.

खंडेनवमी आली. आमच्या घरी खंडेनवमीची पूजा म्हणजे मोठा थाट. सासऱ्यांचे वडील उदयसिंहराव, त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे घरात एक जुनी तलवार आहे. ती पाटावर मध्यभागी. तिच्या शेजारी सासऱ्यांचे पाने, पक्कड, हातोडी, मग निहारच्या स्कूटरची किल्ली. स्कूटर खाली उभी असते, तिला झेंडूची माळ खालीच. सासूबाई दरवर्षी पाट मांडतात, रांगोळी काढतात, गंध उगाळतात आणि बाजूला होतात. पूजा सासरे करतात.

त्या वर्षी पाट मांडून झाला आणि त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या.

"तुझा लॅपटॉप दे."

"कशाला, आई?"

"पूजेला."

मला हसू आलं. "आई, अजून नोकरी कुठे लागली आहे? आधी लागू दे, मग पुढच्या वर्षी ठेवू."

"लागल्यावर सगळेच पूजतात," त्या म्हणाल्या. "दे इकडे. आणि वायर पण दे. वायरशिवाय चालतो का तो? मग त्याने एकट्याने काय म्हणून पाटावर बसायचं?"

सासरे तोवर सोवळं नेसून तयार होते. पाटावर तलवारीला लागून लॅपटॉप आणि त्याच्यापुढे वेटोळं घालून ठेवलेली काळी वायर पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. पण सासूबाई म्हणाल्या, "याची पूजा मी करणार," आणि त्यांनी केली. लॅपटॉपला गंध, फूल. चार्जरच्या ठोकळ्याला हळदकुंकू. वायरीचं जे टोक लॅपटॉपात जातं ते वर तोंड करून बसलं होतं, त्यालाही कुंकू आणि वर चिमूटभर अक्षता. हात जोडून पुटपुटल्या, "नीट साथ दे हं माझ्या पोरीला." मी मागे उभी होते. मीही हात जोडले.

पाटावर बसवलेलं हत्यार पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. दसऱ्याला पूजा उतरली, सोनं लुटलं, सासूबाईंचं श्रीखंड आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला फाफडा-जलेबी असं दोन्हीकडचं जेवण अंगावर आलं आणि मी झोपले. लॅपटॉप उघडला तो शुक्रवारी सकाळी. वायर लावली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काळा पडदा, त्यात माझंच तोंड.

मी वायर काढली, लावली, काढली, लावली. मग ज्याची भीती होती तेच झालं, सासरे टेस्टर घेऊन आले.

"घाई करायची नाही," ते म्हणाले. "आधी सप्लाय."

त्यांनी भिंतीतल्या प्लगमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला. तरी समाधान झालं नाही म्हणून त्याच प्लगवर टेबलफॅन लावून पाहिला. तो फिरला. माझ्या चाचणीचे कागद खोलीभर उडाले.

"सप्लाय ओके. आता चार्जर."

चार्जरच्या ठोकळ्यावरचा हिरवा दिवा लागत होता. म्हणजे भिंतीपासून ठोकळ्यापर्यंत वीज येत होती. गडबड होती ती ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंतच्या बारीक वायरीत, नाहीतर खुद्द लॅपटॉपात. सासऱ्यांनी टोक लॅपटॉपच्या भोकात घालून जरा दाबलं, जरा हलवलं, आणि काय आश्चर्य, लॅपटॉपच्या कडेचा दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला.

"बघ! वायर आतून तुटली आहे. हलवली की टेकते, सोडली की सुटते. शंभर टक्के."

"किंवा लॅपटॉपचं भोक खराब असेल," मी म्हटलं.

"तेही असू शकतं," ते म्हणाले. म्हणजे शंभरातले टक्के लगेच कमी झाले.

यातून मार्ग निघाला तो वरच्या मजल्यावरच्या श्रद्धाकडून. तिचा लॅपटॉप त्याच कंपनीचा, तिचा चार्जर तसाच. ती सुट्टीत नवऱ्याबरोबर पादरा गावी सासरी निघाली होती, बॅगा दारात होत्या. तरी तिने बॅग उघडून चार्जर काढून दिला आणि जिन्यात उभी राहिली. लावला मात्र, लॅपटॉप टुणकन जागा झाला. म्हणजे लॅपटॉप ठणठणीत, दोष आमच्या चार्जरचा. सासऱ्यांनी माझ्याकडे अशा ऐटीत पाहिलं, जणू श्रद्धाचा चार्जर त्यांनीच बनवला होता. श्रद्धाचा चार्जर मात्र तिच्याबरोबर पादऱ्याला गेला. तिलाही तिकडून ऑफिसचं काम करायचं होतं, तिला कसं थांबवणार?

शनिवारी आमचा चार्जर पिशवीत घालून मी स्कूटरवरून रावपुऱ्यात गेले. लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान गोविंदभाईंचं. दुकान उशिरा उघडलं. नऊ रात्री गरबा खेळून गोविंदभाईंचा आवाज पार बसला होता, त्यामुळे आमचं अर्धं बोलणं खुणांनी झालं. त्यांनी टोक आपल्या मीटरच्या खोबणीत घातलं. आकडा थरथरला आणि गायब झाला. दुसऱ्यांदाही तेच. त्यांनी मान हलवली.

"आ तो गयो, बेन," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पिन पासे वायर तूटी गई हशे. नवो लई लो."

"टोक बदलून नाही मिळणार?"

मिळेल, पण या लॅपटॉपचं टोक त्यांच्याकडे नव्हतं, सणाचा माल अडकला होता. कंपनीचा नवा चार्जर मागवला तर बुधवारी येणार. आणि एक डुप्लिकेट तिथेच काचेत लटकत होता, कुठल्याही लॅपटॉपला बसतो म्हणे. माणूसही चांगला होता, त्याने स्वतःहून सांगितलं की डुप्लिकेटची खात्री मी देत नाही, चालला तर वर्षानुवर्षं चालेल, नाहीतर बिघडेल. मी निहारला फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती. तो ओरडून म्हणाला, "काहीही घे, पण घे!" मग सासऱ्यांना लावला. ते ओरडून म्हणाले, "डुप्लिकेट घेऊ नकोस! व्होल्टेज कमीजास्त झालं तर लॅपटॉपच जळेल, मग सोमवारी काय करशील?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. नवा घ्यावा तर तो वेळेवर येत नाही, वेळेवर येतो तो विश्वासाचा नाही, आणि जुना मेलेला. मी गोविंदभाईंना "संध्याकाळी येते" म्हणून जुना चार्जर घेऊन घरी परत आले. डोकं भणभणत होतं. दिवसभर कुठूनतरी लॅपटॉप उसना मिळेल का म्हणून फोन केले, पण सणाची सुट्टी, अर्धं बडोदं गावाला गेलेलं. शेवटी मी ठरवलं की डुप्लिकेट घ्यायचा. जळला तर जळला. निदान वर्गापुरता तरी चालेल.

मी पर्स उचलली. चार्जर टेबलावरून काढून कचऱ्याच्या डब्यापाशी टाकला, तो सासूबाईंनी उचलला.

"असा टाकायचा नाही गं. पूजलेली वस्तू आहे. आधी हळदकुंकू पुसून घेऊ दे."

मी इतकी वैतागले होते की सरळ फिसकारले. "आई, ती वायर मेली आहे! कचऱ्यात जाणार आहे. तिला आता आंघोळ कसली घालताय?"

त्या खिडकीपाशी उजेडात बसल्या, पदराच्या टोकाने ठोकळ्यावरचं हळदकुंकू पुसलं. मग वायर हातातून सरकवत टोकापर्यंत आल्या. मी चपला घालत होते. त्या थांबल्या. ते टोक त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. ऑपरेशनपासून त्यांना सगळं लख्ख दिसतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान, लांबच्या इमारतीवरची कबुतरंसुद्धा मोजून दाखवतात.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे आत लाल काय आहे?"

मी गेले. ते टोक गोल असतं, आतून पोकळ, आणि मधोमध सुईसारखी पिन. त्या पोकळीत खोल, पिनेला चिकटून, एक तांदळाचा दाणा बसला होता. कुंकवात भिजलेला, वाळून घट्ट झालेला. आमच्याकडे अक्षतांना जिरासार घेतात, नावाप्रमाणेच जिऱ्याएवढा बारीक. जाडा तांदूळ असता तर बाहेरच राहिला असता. हा आपला आरामात आत शिरला होता, आणि त्याच्यामुळे टोक भोकात पूर्ण बसतच नव्हतं. सासरे टोक दाबत होते तेव्हा ते त्या दाण्यालाच आणखी आत दाबत होते. आम्ही सगळे वायर तुटली, वायर तुटली म्हणून वायरीकडे बघत राहिलो, टोकाच्या तोंडात कोणी पाहिलंच नव्हतं.

मला आधी हसू फुटलं. पोट धरून हसले. मग सासूबाईंकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ती अक्षत मी घातली," त्या म्हणाल्या. "माझ्याच हाताने. आधी त्या ऑपरेशनपायी तुझी तारीख गेली, आणि आता हे."

"आई, काही झालेलं नाही. दाणा काढला की झालं."

"आज दिसला म्हणून. नाही दिसला असता तर?"

मी त्यांच्यापुढे खाली बसले. त्यांच्या शिवणाच्या डब्यातली बारीक सुई घेतली आणि तो दाणा हलक्या हाताने कोरू लागले. चार्जर भिंतीपासून लांब आहे ना, हे सासऱ्यांनी तीनदा विचारलं. मी कोरत होते आणि सासूबाई बोलत होत्या. इतक्या वर्षांत जे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं ते सांगत होत्या.

लग्नाआधी त्या रावपुऱ्यातल्या क्लासमध्ये टायपिंग शिकल्या होत्या. एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्याही. साहेब कडक होता, पण त्यांचा कागद परत पाठवत नसे. जेमतेम पावसाळा ते संक्रांत एवढी नोकरी झाली आणि लग्न ठरलं. उदयसिंहरावांनी बैठकीतच सांगितलं की आमच्या घरच्या बायका कचेरीत जात नाहीत. सासूबाईंच्या वडिलांनी मान डोलवली, आईने डोळे पुसले, सुभाषराव तेव्हा वडिलांपुढे ब्र काढत नव्हते. "मी आतल्या खोलीत होते," सासूबाई म्हणाल्या. "वाटत होतं, एक जण तरी म्हणेल, जाऊ द्या की तिला. माझ्याकडून बोलणारं एक माणूस असतं तर मीही धीर केला असता. कोणी बोललं नाही. मग मी दरवर्षी पाट मांडला. तलवार ठेवली, यांचे पाने ठेवले, निहारची किल्ली ठेवली. माझं काय ठेवणार? टायपरायटर कचेरीचा होता. म्हणून यंदा तुझा ठेवला गं. वाटलं, या घरातल्या बाईचं हत्यार एकदा तरी पाटावर बसू दे. आणि बघ मी काय करून बसले."

सासरे दारात उभे होते. टेस्टर खिशात, हात मागे. मला वाटतं, हे सगळं इतक्या शब्दांत त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

दाणा तुकड्या-तुकड्याने निघाला. सासऱ्यांनी टोक फुंकून, कोरड्या कापसाने पुसून दिलं. मग त्यांनीच ते लॅपटॉपमध्ये घातलं आणि या वेळी ते टक् असा आवाज करून पूर्ण आत बसलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. लॅपटॉप उजळला.

"मी म्हणतच होतो," सासरे म्हणाले, "वायरीला काही झालेलं नाही."

एरवी यावर सासूबाईंनी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी त्या उठून आत गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

मी गोविंदभाईंना फोन करून सांगितलं की नवा चार्जर नको, जुनाच बरा झाला. "काय खराबी होती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चावलनो दाणो." पलीकडे तो बसका आवाज इतका हसला की मलाच त्यांच्या घशाची काळजी वाटली.

सोमवारी चाचणी-वर्ग झाला. मी त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवलं. मध्ये एकदा खडूसाठी हात हवेत गेला, पडद्यावर खडू नसतो हे विसरलेच. वर्ग चालू असेपर्यंत सासूबाई खोलीच्या आसपाससुद्धा फिरकल्या नाहीत. आपला हात यंत्राला लाभत नाही, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली होती. मी परोपरीने समजावलं. मी सांगितलं की आई, चार्जर तुम्हीच बरा केलात. बाबांनी टेस्टर लावला, गोविंदभाईंनी मीटर लावलं, मी डोकं लावलं, आणि आम्ही तिघांनी मिळून तो कचऱ्यात काढला होता. तुम्ही तो पुसायला घेतला नसता तर मी डुप्लिकेट लावून लॅपटॉप जाळून बसले असते. त्या "हो, हो" म्हणायच्या आणि तिथून उठून जायच्या.

आठवडाभराने पुण्याहून फोन आला. निवड झाली होती. मी ओरडलेच. सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या, सासरे पेपर टाकून उठले. मी स्पीकर लावला. पलीकडच्या बाई सांगत होत्या की वर्ग रोज संध्याकाळी, मुलांच्या शाळा सुटल्यावर, दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत. तुम्हाला जमेल ना, घरी विचारून सांगितलंत तरी चालेल.

फोन ठेवला. सासरे वाईट माणूस नाहीत, पण सवय वाईट असते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वेळ जरा अडचणीची आहे, नाही? संध्याकाळचा स्वयंपाक, हिचे गुडघे, कोणी आलं-गेलं. त्यांना सकाळची वेळ मागून बघ. नाहीतर, म्हणजे, पुढेमागे दुसरी नोकरी येईलच की."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे, कदाचित भांडले असते, कदाचित मी नेहमीसारखी गप्प बसून मनात धुमसले असते. पण त्याआधी सासूबाई बोलल्या.

"ती जाणार," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. पिठाचे हात तसेच पुढे धरलेले होते. "हीच वेळ घेणार. माझे गुडघे माझे आहेत, तिचे नाहीत. भाकरी मी थापीन, भाजी तुम्ही चिरा. इतकी वर्षं पाने फिरवलेत, सुरी जड नाही जाणार. आणि दुसरी येईल म्हणू नका. दुसरी येत नसते, मला विचारा."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. लग्नाच्या बैठकीतला तो तरुण मुलगा, वडिलांपुढे न बोललेला, मला त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. त्यांनी चष्मा घातला. "बरं," ते म्हणाले. "कुठली भाजी?"

मी सासूबाईंना मिठी मारली. आमच्याकडे सुना सासूला नमस्कार करतात, मिठी मारत नाहीत, पण मला नमस्कारापुरतं थांबता येईना. माझ्या पाठीवर त्यांचे पिठाचे दोन्ही पंजे उमटले. त्या "सोड गं, सोड ने," म्हणत राहिल्या आणि सोडलं मात्र त्यांनी नाही. मी या बाईचं किती देणं लागते ते मला तेव्हा कळलं, आणि ते फेडायची इच्छाही झाली नाही. असंच राहावंसं वाटलं.

आता रोज संध्याकाळी मी लॅपटॉपपुढे बसले की त्या बाहेरून दार ओढून घेतात, कुकरची शिट्टी मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. पलीकडून मुलं "यशश्रीताई, यशश्रीताई" म्हणून शंका विचारत असतात. इकडे स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात त्यांचं सासऱ्यांना बोलणं चाललेलं असतं, भेंडी इतकी मोजूनमापून कशाला चिरताय म्हणून. लग्नाच्या बैठकीत त्यांच्या बाजूने कोणी बोललं नाही. माझ्या बाजूने त्या बोलल्या.